स्केलाचा अबोला

चार म्हातारे, आणि चौघांच्या डोक्यांवर मिळून एका माणसापुरते केस. त्यातलेही निम्मे काळे केलेले. शरदचंद्र मोन्यांनी मिनीव्हॅनचं दार सरकवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा हेच दिसलं. ज्या वयात माणसानं मुकाट्यानं स्वेटर घालावा, त्या वयात हे चौघं पोटावर चेन न बसणारी चामड्याची जाकिटं घालून कॅनडातल्या विंडसरच्या रस्त्यावर ऑक्टोबरच्या थंडीत उभे होते, आणि कोणीतरी आपला फोटो काढणार आहे अशा बेतानं लांब कुठेतरी बघत होते. फोटो काढायला आसपास कुत्रंसुद्धा नव्हतं.

"बेलग्रेडचे फार मोठे कलाकार आहेत हे," मिलोराद म्हणाला. "बँडचं नाव स्केला. स्केला म्हणजे नदी ओलांडायचा तराफा. पस्तीस वर्षं वाजवतायत."

"तराफा बराच वेळ पाण्यात राहिलेला दिसतोय," शरदचंद्र म्हणाले.

मिलोराद हसला. तो मूळचा सर्बियाचा. मोटारीच्या कारखान्यात दोघांनी बावीस वर्षं एकाच शिफ्टला काढली होती. शरदचंद्रांचं काम हातात स्टॉपवॉच घेऊन कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते टिपायचं, त्यामुळे कारखान्यात त्यांना मित्र असा एकच. निवृत्तीनंतर मिलोरादनं मोटारीच्या भागांचे साचे बनवणारं एक बंद पडलेलं वर्कशॉप घेतलं, भिंतींना जुने गालिचे ठोकले आणि त्याला स्टुडिओ म्हणायला लागला. त्या स्टुडिओत रेकॉर्ड करायला एवढ्या लांबून कोणी येत असेल तर त्या माणसांना आपल्या देशात कोणी उभं करत नसणार, हे शरदचंद्रांना न सांगता कळलं. पण मिलोरादच्या गाडीत चार माणसं आणि त्यांची पोटं मावत नव्हती, आणि जानेवारीत शरदचंद्रांच्या बायकोची, अरुणाची शवपेटी उचलायला चार खांदे लागले त्यातला एक मिलोरादचा होता. त्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं.

बर्नाबीहून अक्षराचा फोन आला. "बाबा, a rock band? That's so cool!"

"कूल कसलं? चार सासरे एका गाडीत कोंबून न्यायचे."

"At least you're getting out of the house."

घराबाहेर पडणं हे मोठं औषध असल्यासारखं सगळे सांगत होते. विंडसरच्या महाराष्ट्र मंडळातल्यांनीही सांगितलं. "मोनेकाका, पॉटलकच्या जेवणाला या ना, बरं वाटेल." पत्नी गेल्यावर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की बरं वाटतं, हा शोध मंडळाचा. शरदचंद्र गेले नाहीत. माणसात गेलं की माणसं विचारतात, शेवटचं काय बोलल्या वहिनी? आणि त्याचं उत्तर शरदचंद्रांकडे होतं तरी ते कोणाला देता येण्यासारखं नव्हतं. अरुणा गेली तेव्हा नवरा-बायकोत नऊ दिवसांचा अबोला चालू होता. कारण एक ओव्हरकोट. एकाहत्तर साली त्यांनी कॅनडात उतरताना घातलेला, कसर लागलेला तो कोट तिनं चर्चच्या कपडेवाटपात देऊन टाकला. न विचारता. एवढंच. हे अक्षरालाही माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी गाडी शंभर मीटर गेली नसेल. पुढे बसलेला, बँडचा गायक झिका, समोर रस्त्याकडे बघत मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मिस्टर शरद, मागच्या माणसाला सांगा, खिडकी बंद कर."

मागचा माणूस म्हणजे बास गिटार वाजवणारा ल्युबा. तो दोन फुटांवर होता. तो म्हणाला, "मिस्टर शरद, पुढच्या माणसाला सांगा, खिडकी बंदच आहे. गारवा त्याच्या काळजातून येतोय."

शरदचंद्रांनी आरशात बघितलं. बाकीचे दोघं, ड्रमवाला आणि कीबोर्डवाला, आपण या गाडीत नाहीच असे चेहरे करून बसले होते.

स्टुडिओत मिलोरादनं खुलासा केला. चौदा वर्षांपूर्वीच्या एका अल्बममध्ये ल्युबाचा एकट्याचा वाजवायचा तुकडा होता. अकरा सेकंदांचा. झिकानं तो त्याला न विचारता कापून टाकला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. गाणी एकत्र करतात, गावोगाव एकत्र फिरतात, बोलत नाहीत. मधे निरोप्या म्हणून मॅनेजर असायचा. त्याला या वेळी व्हिसा मिळाला नाही.

"नऊ सेकंद," लांबून झिका ओरडला. "मिस्टर शरद, सांगा त्याला, नऊ."

"अकरा," ल्युबा तारा पिळत म्हणाला. "सांगा."

"मी ड्रम वाजवतो, टपाल वाटत नाही," ड्रमवाल्यानं हात वर केले. कीबोर्डवाल्याला एका कानानं ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्या कानानं तो ऐकून घ्यायचा नाही. मिलोराद काचेपलीकडे बटणं फिरवण्यात गुंतलेला. राहिला कोण, तर खुर्चीवर कोट घालून बसलेला ड्रायव्हर.

असा शरदचंद्रांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी नवा हुद्दा मिळाला.

काम सोपं होतं. एकजण बोलायचा, दुसरा ऐकायचा, पण शरदचंद्रांनी तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत ते ऐकलेलं धरायचं नाही. हा नियम त्यांना कोणी शिकवावा लागला नाही. अबोल्याचा नियम विंडसरला असतो तोच बेलग्रेडला असतो. "सांगा त्याला, ताल दुसऱ्या खोलीत राहिलाय, जाऊन घेऊन ये." "सांगा त्याला, मी ताल आणतो, तो आवाज घेऊन येऊ दे. आवाज शहाऐंशी साली राहिलाय." दिवसभर हेच. संध्याकाळी शरदचंद्रांना वाटायचं, काय हा पोरकटपणा. गुडघे गेलेत, दातांत पूल बसवलेत, आणि रुसून बसायचं वय सरत नाही. त्या संगीताचं तर नावच नको. खडीवरून तीन ट्रक गेले की जसा आवाज होतो तसा आवाज करायचा, आणि मग काचेमागे जाऊन तोच आवाज डोळे मिटून ऐकायचा, जणू भीमपलास लागलाय.

तीन आठवड्यांत नऊ गाणी झाली. दहावं राहिलं. त्याची तऱ्हा वेगळी. बाकीच्या गाण्यांत प्रत्येकानं आपापला भाग वेगवेगळा वाजवायचा आणि मिलोरादनं जोडायचा. शेवटचं गाणं मात्र स्केला पहिल्या अल्बमपासून सगळे एका खोलीत उभे राहून एका दमात वाजवत आले होते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. डागडुजी नाही. हातात दोन दिवस होते, शनिवारी विमान.

गुरुवारी ते सतरा वेळा चुकलं. प्रत्येक वेळी एकाच जागी आणि एकाच माणसाकडून.

"सांगा त्याला, घरी नातवंडांना खेळवावं," झिका म्हणाला.

शरदचंद्रांनी सांगितलं. या वेळी ल्युबाकडून उलट टोमणा आला नाही. तसे ते दोघं शरदचंद्रांना मूर्खच वाटत, पण टोमणा न येणं त्यांना बरं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी, आणखी सहा वेळा चुकल्यावर, ल्युबानं गिटार खाली ठेवली. कॉफीच्या मशीनपाशी आला. झिका तिथेच, हातभर अंतरावर, पाठ करून उभा. ल्युबा कपाकडे बघत हळू म्हणाला, "मिस्टर शरद, सांगा त्याला. कोणाच्या तरी या दोन बोटांना ऑगस्टपासून तार लागत नाही. लागल्याचं कळत नाही."

शरदचंद्र झिकाकडे वळले.

झिकानं वळूनही पाहिलं नाही. "सांगा त्याला, बोटं दुखत असतील तर माणसानं डॉक्टरकडे जावं."

"नाही सांगणार," शरदचंद्र म्हणाले.

काचेपलीकडे मिलोरादनं मान वर केली.

"नाही सांगणार मी! तो हा उभा आहे. तुला कान आहेत, त्याला कान आहेत. मी मधे कशाला?" आणि मग इंग्रजी पुरेना म्हणून ते मराठीवर आले. "अरे गाढवांनो! लाज वाटते का काही? म्हातारे झालात, उद्या जाल! अकरा आणि नऊ, अकरा आणि नऊ! दोन सेकंदांसाठी चौदा वर्षं? कारखान्यात असतात तर हाकलून दिलं असतं!"

चौघं सर्ब ऐकत होते. मराठी कळायची गरज नव्हती.

शरदचंद्रांना दम लागला. ते खुर्चीवर बसले आणि इंग्रजीत, कारखान्यात अपघाताचा रिपोर्ट द्यावा तसं सांगायला लागले. आमच्या घरी अबोला होता. नऊ दिवस. घरात तिसरं माणूस नाही, मग आम्ही भिंतीशी बोलायचो. ती भिंतीला सांगायची, चहा झालाय, कोणाला हवा असेल तर. मी टीव्हीला सांगायचो, साखर कमी आहे. नवव्या दिवशी दुपारी ती सिंकपाशी उभी राहून भिंतीला म्हणाली, कोणाच्या तरी छातीत सकाळपासून दुखतंय. मी टीव्हीला म्हटलं, दुखत असेल तर माणसानं डॉक्टरला दाखवावं. मग मी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करायला गेलो. चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. परत आलो.

मिलोराद काचेमागून बाहेर आला होता. बावीस वर्षांच्या मित्राला हे आज कळत होतं.

झिकानं घसा खाकरला. "मिस्टर शरद, फार वाईट झालं. मनापासून सांगतो. पण ती बायको होती. हा बास वाजवणारा आहे."

"मग चालत जा घरी," शरदचंद्र म्हणाले. उठले, व्हॅनची किल्ली खिशात घातली आणि बाहेर पडले.

गाडीत बसून त्यांनी हीटर लावला. स्वतःचाच संताप येत होता. दहा महिने जे पोटात ठेवलं, लेकीला सांगितलं नाही, ते सांगितलं कोणापुढे, तर या नाटक्यांपुढे. आणि त्यातून काय निघालं? बास वाजवणारा आहे म्हणे.

दहाएक मिनिटांनी वर्कशॉपच्या पत्र्याच्या भिंतीतून आरडाओरडा ऐकू यायला लागला. दोन आवाज. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. शेवटी दार उघडून ड्रमवाला बाहेर आला, सिगरेट पेटवली आणि व्हॅनच्या काचेवर टकटक केली.

"बोलतायत," तो म्हणाला.

"काय बोलतायत?"

"झिका त्याला घोडा म्हणाला. आमच्याकडे मूर्खाला घोडा म्हणतात. तो म्हणाला, अकरा. हा म्हणाला, नऊ. मग आयांवर गेले." त्यानं झुरका घेतला. "चौदा वर्षं किती शांतता होती, मिस्टर शरद. तुम्ही घालवलीत."

शरदचंद्र आत गेले, कारण हीटर लावूनही पाय गारठले होते. दुसऱ्या कशासाठी नाही. झिका ल्युबाचा डावा हात स्वतःच्या हातात घेऊन एकेक बोट दाबत होता, आणि प्रत्येक बोटाला ल्युबा "हो" किंवा "नाही" म्हणत होता. दोनदा "नाही" आलं. मग दोघं गिटारवर वाकले आणि त्या दोन बोटांवाचून गाणं कसं वाजेल यावर तावातावानं भांडले. ल्युबानं सोपं करून वाजवलं. पाचव्या खेपेला गाणं शेवटापर्यंत पोचलं. मधे एका जागी झिका गायचा थांबला, बाकीच्यांना हातानं गप्प केलं, आणि ल्युबा एकटा वाजवत राहिला. शरदचंद्रांचा हात सवयीनं घड्याळाकडे गेला. साडेबारा सेकंद. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. गाणं होतं खडीवरच्या ट्रकांसारखंच, फक्त ट्रक जरा सावकाश चालले होते.

परतीच्या वाटेवर झिका पुढे बसला होता, पण पूर्ण मागे वळून. ल्युबाशी त्याचं भांडण चालूच होतं. खिडकी उघडी की बंद, हेही त्यांनी आपापसात ठरवलं. शरदचंद्रांना कोणी काही सांगायला सांगितलं नाही. हुद्दा गेला होता. मिलोरादच्या दारात चौघं उतरले. ल्युबानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. झिका म्हणाला, "बेलग्रेडला या." शरदचंद्र येणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

ते घरी आले तेव्हा पाच वाजत होते. बूट काढले. स्वयंपाकघरात दिवा लावला. सिंकच्या वरची भिंत तशीच होती, पिवळी, फोडणीचे डाग पडलेली. दहा महिने त्यांनी त्या भिंतीकडे बघायचं टाळलं होतं. भांडी घासायची तर खाली मान घालून घासली होती.

आज ते तिच्यासमोर उभे राहिले. मग भिंतीला सोडून, अरुणा सिंकपाशी जिथे उभी राहायची तिथे वळले.

"अरुणा," ते म्हणाले, "बूट घाल. मी गाडी काढतो."