तिसरा मॉनिटर पाठीमागे

संगणकावरच्या शर्यतीत जावयाने आजवर इतक्या गाड्यांना बाजूने ठोकलं होतं की त्याच्या टीमचा कॅप्टन, ज्याला सगळे कासव म्हणत, एकदा हेडफोनमधून अगदी शांतपणे म्हणाला, "हे बघ, समोरचा रस्ता तुला छान दिसतो. शेजार दिसत नाही. रविवारी आणखी एक ठोकलीस की टीमच्या बाहेर. एकही ठोकली नाहीस तर राहिलास. शब्द देतो."

शेजार दिसायला तीन मॉनिटर लागतात. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. जावयाकडे एकच होता. टीममधून बाहेर पडणं त्याला परवडणारं नव्हतं. ऑफिसात तो जेवायला उठला काय नि बसला काय, कुणाच्या लक्षात येत नसे, टीममध्ये मात्र त्याला उशीर झाला तर चार माणसं "आला का रे?" म्हणून विचारत. तो दुकानात निघाला.

"थांबा जावईबापू, मीही येतो," सासरे चपला शोधत म्हणाले. "आरशांचं तुम्हाला काय कळतं?"

सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झाले होते. तसं ते बसला कळलं होतं, त्यांना अजून कळायचं होतं. स्वयंपाकघरातून बाहेर वळताना ते आजही आधी खाकरत. मॉनिटर म्हणजे आरसा नव्हे, हे वाक्य जावयाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच मागे फिरलं. सासऱ्यांसमोर त्याची बहुतेक वाक्यं असंच करत.

दुकानातल्या विक्रेत्याने वक्र पडदा दाखवला, सपाट दाखवला. "तिन्ही एकाच मापाचे नि एकाच वेगाचे घ्या," तो म्हणाला, "नाहीतर मधला पळतो आणि कडेचे रखडतात. आणि कडा बारीक हव्यात, म्हणजे दोन पडद्यांच्या मध्ये गाडी हरवत नाही."

सासऱ्यांनी एक स्टूल ओढलं, ते एका मॉनिटरसमोर सावरून बसले आणि विक्रेत्याला म्हणाले, "आता तुम्ही माझ्या मागून चालत या. जोरात नको."

"कशाला, काका?"

"या तर."

विक्रेता चालत आला. तो खांद्याशी पोचताच सासऱ्यांनी तोंडाने असा काही हॉर्न वाजवला की कीबोर्ड बघणारी एक बाई अंग चोरून बाजूला झाली.

"दिसला," सासरे म्हणाले. "हाच घ्या."

मॉनिटर बंद होता. त्याच्या काळ्या काचेत विक्रेत्याचं प्रतिबिंब मात्र झकास पडलं होतं. सुदैवाने तो घरातल्या मॉनिटरच्याच जातीचा निघाला, तेव्हा जावयाने मुकाट्याने तसले दोन उचलले.

घरी जोडणी सुरू झाली. समोरचा लागला, डावा लागला. तिसऱ्यावर 'सिग्नल नाही' एवढंच वाक्य एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरायला लागलं. सासरे म्हणाले, "इंजिन गार आहे. थोडं थांबा." ते थांबले. बायको कपाटातून टॉवेल घ्यायला आली आणि संगणकाच्या डब्याच्या मागे वाकून म्हणाली, "दोन वायरी खाली, मग ही एकटीच वर का?" वरचं भोक मदरबोर्डचं होतं, पडदे चालवणाऱ्या ग्राफिक्स कार्डची भोकं खाली होती. वायर खाली आली आणि तिसरा पडदा उजळला.

"आता हा मागे न्या," सासरे म्हणाले.

"कुठे मागे, बाबा?"

"तुमच्या पाठीमागे. मागचं मागे नको का दिसायला? आणि समोर उजवीकडे आरसा लावू. आयुष्यभर तसंच बघितलंय मी."

"यांच्या गाडीला बाजूचं दिसायला हवंय, बाबा," बायको म्हणाली.

"बाजूचा येतो कुठून? मागूनच ना?"

यावर बायको टॉवेल घेऊन निघून गेली. लांब वायर आली, डबा खोलीच्या मधोमध आला आणि न्हाणीघरातला आरसा भिंतीवर आला. तेव्हापासून जावई दाढी शर्यतीच्या खुर्चीत बसून करू लागला.

आरशात सगळं उलटं दिसे. पाट्या उलट्या, वळणं उलटी, उजवीकडून येणारी गाडी डावीकडे सरकणारी. शनिवारच्या सरावात जावयाने आरशात बघून पाच गाड्या ठोकल्या, त्यातल्या दोन उभ्या होत्या. रविवारी सासरे अंघोळीला गेले तेव्हा त्याने मॉनिटर उचलून उजवीकडे आणलाही. सासरे बाहेर आले. जिथे मॉनिटर होता त्या रिकाम्या टेबलाकडे टॉवेल खांद्यावर टाकून बघत राहिले. जावयाने मॉनिटर परत मागे नेला.

शर्यत सुरू झाली. आरशात बघितलं तर ठोकणार, न बघितलं तर ठोकणार.

"तुम्ही समोर बघा," मागून आवाज आला. सासरे त्याच्याकडे पाठ करून मागच्या मॉनिटरसमोर उभे होते. "उजवीकडे लाल आहे. येऊ द्या त्याला, घाईत दिसतोय."

जावयाने येऊ दिलं.

"आता एक निळा. अंगावर येतोय. जाऊ द्या, घरी काहीतरी झालं असेल."

निळ्यालाही जाऊ दिलं. हिरव्याला, पिवळ्याला आणि कुणाला न सांगता वळणाऱ्या एका पांढऱ्यालासुद्धा. मग सासरे एकदम म्हणाले, "थांबा!"

"का?"

"कडेला माणसं उभी आहेत."

जावई थांबला. भर शर्यतीत, रस्त्याच्या कडेला, नीट गाडी लावून.

"चढली?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते प्रेक्षक आहेत, बाबा. चढत नाहीत."

"मग चला. वेळ का घालवताय?"

जावई शेवटचा आला. एवढा शेवटचा, की बाकीच्यांची शर्यत संपून त्यांचं हवापाण्यावर बोलणं सुरू झालं होतं. तो पोचला तसं कासवाने ते मध्येच तोडलं.

"तू मध्येच थांबलास," कासव म्हणाला. "का ते विचारत नाही. तुझा माइक चालू होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"मग?" जावयाने विचारलं.

"मग काय? एकही ठोकली नाहीस. शब्द म्हणजे शब्द. राहिलास तू." कासव जरा घुटमळला. "लाल गाडी माझी होती. ते काका कोण?"

"सासरे."

"घाईत होतो खरा मी," कासव म्हणाला. "पण आजवर कुणी दखल घेतली नव्हती."

जावयाने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "मी राहिलो, बाबा. टीममध्ये."

"राहणारच," सासरे आरसा रुमालाने पुसत म्हणाले. "बरोबर जागी लावलाय."

"हो, बाबा," जावई म्हणाला आणि हेडफोन परत कानावर घेतला. आत टीममधला एक जण कासवाला विचारत होता, सासरे नसतील तर वडील चालतील का.