पेन्सिलीच्या रेघेने पेटलो

मी बोलतोय, सायबेरियातल्या तोम्स्कच्या एका प्रयोगशाळेतलं धातूचा झोत सोडणारं नळकांडं. दिसायला समोवाराचा, म्हणजे रशियन चहाच्या बंबाचा, गरीब भाऊ. पण पोटात टायटॅनियमचा गट्टू. ठिणगी पडली की मी त्या धातूची वाफ करतो आणि तिच्यातले विजेने भारलेले कण जाळीतून असे फेकतो, की समोरच्या पोलादी पात्यात घुसून बसतात. मग त्याची धार लवकर जात नाही.

मला आखलं रिम्मा गेन्नाद्येव्हनाबाईंनी, चौदा आराखडे फाडून. घडवलं लेथवरच्या सावेलिचनी. ते म्हणायचे, "बाई, कागदावर सगळंच गोल असतं!"

विभागप्रमुख ग्लेब व्हिक्तोरोविचनी मला कधी बोट लावलं नाही. पाहुण्यांपुढे मात्र मी "माझं यंत्र".

एकदा मॉस्कोहून समिती यायची होती. नापसंत झालो तर मी भंगारात आणि बाई कारकुनीत. ग्लेबसाहेबांनी हुकूम सोडला, "आतूनबाहेरून लख्ख करा!"

"चालतंय ते उघडू नये, साहेब," बाई म्हणाल्या. ऐकतो कोण? पुसायला आणलेलं निम्मं स्पिरिट माझ्या पोटात गेलं. उरलेलं कुणाच्या, ते सांगत नाही.

समिती आली. बटण दाबलं. मी गप्प. पुन्हा दाबलं. गप्प.

साहेब कुजबुजले, "आतला जांभळा दिवा लावा, झोत सुटल्यासारखं दिसेल. यांना काय कळतंय!"

बाई मोठ्याने म्हणाल्या, "यंत्र बंद पडलंय. दोन तास द्या."

साहेबांचं तोंड बीटासारखं लाल झालं.

बाईंनी मला उघडलं. आतली चिनीमातीची कडी पांढरीशुभ्र. त्यांनी कपाळावर हात मारला. "सावेलिच, हिच्यावर धातूचं काळं पूट असायचं. ठिणगी त्यावरूनच सरकायची. तेच पुसलं आपण!"

"काळंच हवंय ना?" सावेलिचनी कानावरची पेन्सिल काढली आणि कडीवर जाड रेघ ओढली. शिशातून वीज जाते की!

माझ्या पोटातली हवा पंपाने उपसून होईतो समितीने पेल्मेनी, म्हणजे खिम्याचे मोदक, चापले. मग बटण. फट्! असा पेटलो की अध्यक्षांचा चष्मा घसरला.

"कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. साहेबांनी घसा खाकरला.

"सावेलिचची," बाई म्हणाल्या.

काम मंजूर झालं. पेटंटवर पहिलं नाव साहेबांचंच लागलं. पण सावेलिचचं नाव घातल्याशिवाय बाईंनी सही केली नाही.

आता बाई आणि सावेलिच दोघंही नाहीत. मी प्रयोगशाळेच्या बोळकांडीत उभा आहे, माझ्यावर ओले कोट टांगतात. टांगा बापड्यांनो. पण कधीतरी पोटात काहीतरी घाला. टायटॅनियम नसेल तर कँटीनमधला वाकडा चमचा चालेल. त्याचासुद्धा झोत सोडून दाखवतो!