घुंगुरमाळ सोडली त्या दिवशी

मी बोलतेय. होय, मीच, पत्र्याच्या शेडातली ही पोपटी रंगाची, विजेवर चालणारी मोटारगाडी. मला इंजिन नाही, म्हणून आवाज नाही. त्या आवाजापायीच आज तोंड उघडायची वेळ आलीय.

दोन हजार तीन साली गणपतरावांनी मला कसबा बावड्यात आणलं. आयुष्यभर वायरमनकी केलेला माणूस. विजेवरची मोटार म्हटल्यावर हरखूनच गेला. दोन दारं, चाळीसच्या वर वेग नाही, गगनबावड्याचा घाट दाखवलात तर मी हातच जोडीन. पण दवाखाना, मंडई, अरुंद बोळ? तिथं माझा हात धरणारं कोणी नव्हतं. भारनियमनात चार्जिंग अर्धवट राहिलं की मात्र गल्ली ढकलायला यायची आणि वर टिंगलही करायची.

भीती एकाच गोष्टीची होती. गणपतरावांच्या बायकोला, बयाबाईंना, मोतीबिंदूमुळं धूसर दिसायचं. कानांवरच त्यांचा सगळा कारभार. पहिल्याच आठवड्यात मी मागं येताना त्यांच्या पदराला घासून गेले.

"अवो, मांजरावानी येतीया ही!" त्या किंचाळल्या. "एक दिवस जीव घील माझा."

गणपतराव हबकले. शेजारच्या पुतण्याकडून, सयाजीकडून, त्याच्या सर्जा बैलाची घुंगुरमाळ आणून त्यांनी माझ्या मागच्या बंपरला बांधली. गल्लीतले "नंदीबैल आला रं!" म्हणून ओरडायचे. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण घुंगरं ऐकली की बयाबाई बाजूला सरायच्या. हॉर्न मारायची गणपतरावांची सवयच गेली. दहा-अकरा महिने बिनघोर गेले.

मग बेंदूर आला. सयाजी सकाळीच दारात.

"काका, घुंगरं द्या की. सर्जा बोडका मिरवंल व्हय?"

"ने की. त्याचीच हायत ती."

सणाच्या दिवशी बैलाचा साज अडवायचा कसा? त्यांनी स्वतःच्या हातानं माळ सोडली.

दुपारी तूप संपलं म्हणून गणपतराव मला काढायला बसले. बयाबाई सर्जासाठी पुरणपोळीचं ताट घेऊन दारात आल्या. तेवढ्यात रस्त्यावरनं सर्जाची घुंगरं वाजत गेली. माळ सोडल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं; वाटलं, गाडी गेली बाहेर. त्या निर्धास्त माझ्या मागं आल्या आणि ताट ठेवायला वाकल्या.

गणपतरावांनी मला मागं घेतलं. वेग म्हणाल तर चालत्या माणसाएवढा. तेवढा पुरला.

तेराव्यानंतर सयाजीनं माळ आणून पुन्हा मला बांधली. तो ढसाढसा रडत होता. तेव्हापासून मी जागची हललेली नाही. टायर बसलेत, बॅटऱ्या संपल्यात.

काल पेठ वडगावचं एक गिऱ्हाईक आलं. "चांगली हाय की! ही घुंगरं तेवढी काढून टाका, पावणं."

वारा आला, माळ वाजली. गणपतराव दचकून ओरडले, "बया, बाजूला हो!" गिऱ्हाइकानं वळून बघितलं. तिथं कोणीच नव्हतं.

पावणं, मला खुशाल न्या. पण एवढी माळ सोडू नका. माझ्या मागं कोण वाकलंय, ते मला दिसत नाही.