नववी वेणी

टेबलावर सव्वीस रंगवलेली अंडी होती, आलूबुखाराच्या दारूच्या दोन बाटल्या, अकरा पेले, एक गोड पाव आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या चौदा रंगीत फिती. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात कांद्याच्या सालींच्या पाण्यात आणखी पाच अंडी उकळत होती. घरात आम्ही चौघं होतो. आई, बाबा, माझी मोठी बहीण ब्लांका आणि मी.

बाबा गढीचे रखवालदार आहेत, म्हणून आमचं बिऱ्हाड देवडीवर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं सगळं गाव दिसतं. ईस्टरच्या सोमवारी पोरं वर येतात तो रस्ताही दिसतो. चौकात जुन्या प्लेगच्या साथीची आठवण म्हणून उभारलेल्या खांबापासून निघायचं, खाटीकगल्ली, पूल, मग वळणावळणाने टेकडी. प्रत्येक दारात थांबून गाणं म्हणायचं आणि घरातल्या बायकांच्या पोटऱ्यांवर वाळुंजाच्या फोकांची वेणी मारायची. बदल्यात अंडं, पेलाभर दारू आणि वेणीला बांधायला एक फीत. फोक ओले असतात. चटका बसतो आणि लगेच विरतो. वेणी लागली की बाई वर्षभर सुकत नाही, टवटवीत राहते, अशी समजूत.

चौकातून आठ जण निघाले होते. पुढे लुबोर, टायरवाला. त्याचा आवाज इथवर येत होता.

पुलापाशी ते नऊ झाले.

"हिनेक आहे," मी म्हणाले.

ब्लांकाने पळी खाली ठेवली. डिसेंबरात तिच्या नवऱ्याने, हिनेकने, तिचं डावं मनगट दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. तेव्हापासून ती आमच्याकडे होती. येत्या गुरुवारी कोर्टात तिची साक्ष होती. दुसरा साक्षीदार नव्हता. ती बोलली नाही तर तो सुटणार होता.

"बाबा, आज दार उघडू नका."

बाबा गळ्याचं बटण लावत होते. "ईस्टरला दार लावून बसू? उद्या चौकात तोंड कुठे दाखवू? आणि लुबोर आहे ना. आठ पोरं आहेत. आठ जणांदेखत काय करणार आहे तो?"

"ब्लांका, तू माळ्यावर जा," आई म्हणाली.

"नाही. आज लपले तर गुरुवारी त्याच्यासमोर तोंड उघडेल का माझं?"

खालच्या वळणावर पाववालीचं घर आहे. म्हातारी ऐंशीच्या पुढची. तिचा आवाज खिडकीतून आत आला. "जोरात मार की रे मेल्या! हाडांना ऊब तरी येईल!" पोरं खिदळली. मग जिन्यावर बूट वाजले.

"काकू, सुकलेल्या बायका आहेत का घरात?" लुबोर दारातूनच ओरडला.

"तुझीच जीभ सुकलेली दिसतेय. ये, पी."

त्याने आईच्या पोटरीवर दोनदा, माझ्या पोटरीवर दोनदा वेणी टेकवली. बाकीच्यांनीही तसंच केलं. मी अंडी वाटली, ब्लांकाने फिती बांधल्या. हिनेक शेवटी आत आला.

"सासरेबुवा, माझा पेला?"

बाबांनी ओतला. तो एका घोटात प्यायला आणि ब्लांकाकडे वळला. "वळ की. वर्षभर सुकायचंय का?"

ती वळली.

ओली वेणी हवेत बारीक शीळ घालते. त्याच्या वेणीने घातली नाही. जड हुंकार आला आणि ब्लांकाचा गुडघा दुमडून पुढे आला.

"अरे वा, लाडकी आहे हं!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

दुसरा फटका त्याच जागी बसला. "गुरुवारी," हिनेक गाण्याच्या चालीवर म्हणाला, "घसा बसणार आहे तुझा." तिसऱ्या फटक्याला मोजा फाटला, खालची कातडी उघडली आणि रक्त टाचेपर्यंत उतरलं.

"पुरे रे," लुबोर म्हणाला. तो अजून हसतच होता.

"सण आहे, लुबोर."

चौथा पाठीवर. बाबा मध्ये घुसले, तेव्हा पाचवा त्यांच्या कानावर बसला. कानाची वरची पाळी सुटून लोंबली. आता कोणी हसत नव्हतं. दोन पोरं धावली, तशी हिनेकने वेणी गोल फिरवली. एकाचे पुढचे दात गेले. टेबल कलंडलं, अंडी फरशीवर फुटत गेली.

पुरुषांवर पाणी ओतायचा हक्क बायकांना दुपारनंतर मिळतो. अजून दुपार झाली नव्हती. ब्लांकाने पातेलं उचललं. डावं मनगट वजन घेत नव्हतं, म्हणून तिने त्या बाजूला कोपर अडकवलं. तिचा हात भाजताना मला दिसत होता. उकळतं तपकिरी पाणी, साली, पाचही अंडी, सगळं तिने त्याच्या छातीवर आणि गळ्यावर फेकलं.

तो किंचाळला, पण वेणी सोडली नाही. दुसऱ्या हाताने त्याने तिचे केस धरले आणि तिचं कपाळ चुलीच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटण्याआधी लुबोरने भरलेली बाटली त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. मग पाच जण त्याच्यावर बसले, पोलीस येईपर्यंत. "गुरुवारी बघतो!" तो खालून ओरडत होता. कॉलरबरोबर त्याच्या मानेची कातडी निघून येत होती.

मी वेणी उचलली. वाकवली तर वाकेना. जोर लावला तशी वाकली, आणि सोडल्यावर ताडकन सरळ झाली. कापलेल्या टोकात पोलादाचे धागे चमकत होते. हिनेक दगडखाणीत पोलादी दोरखंडांच्या रहाटावर कामाला होता.

लुबोरने माझ्या हातातली वेणी पाहिली. मग आपली वेणी काढून तीही पोलिसाला दिली.

"ही कशाला?"

"शेजारी ठेवायला लागेल. आणि मी हसत होतो, साहेब. तेही लिहा."

गुरुवारी ब्लांका टेकडी पायीच उतरली. पोटरीत टाके होते, कपाळावर आणि हातावर पट्ट्या. बाबा कान बांधून शेजारून चालत होते. पुलावर त्यांनी तिला हात देऊ केला. तिने घेतला नाही.

हिनेक समोरच्या बाकावर बसला होता, गळ्यापर्यंत गुंडाळलेला. ती त्याच्याकडे बघत बोलली. आधी मनगट, मग सोमवार. एकदाही थांबली नाही.

त्याचा वकील उठला. "घरोघरी होतं हे. आमच्या आयाबहिणींनीही हे फटके खाल्लेत. फोकांनी कोणी जायबंदी होत नाही."

न्यायाधीशबाईंनी प्रयोगशाळेचा कागद मागवला आणि कारकुनाला मोठ्याने वाचायला सांगितलं. दोन्ही वेण्यांची लांबी सारखी, नव्वद सेंटिमीटर. लुबोरची वेणी, फिती काढून, १४८ ग्रॅम. हिनेकची ४१२ ग्रॅम. त्यात वाळुंज १४१, पोलाद २७१.