मुक्कामाचा मध

"ताई, आज कुणाचा मध?" भट्टीमामांनी विचारले.

"घरचा."

"मग खायचा सोडून जाळताय कशाला?"

भट्टीमामा आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस. भट्टी त्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव. मध थेट भट्टीत ठेवला तर फुगून मुशीबाहेर येतो आणि मग मामांची बोलणी खावी लागतात. म्हणून आधी मंद आचेवर त्याचा कोळसा होऊ द्यायचा, मगच भट्टीत राख करायची. शेवटी उरते ती चिमटीभरही नसते. पण मुळांनी जमिनीतून ओढलेली आणि फुलांतून माश्यांनी आणलेली खनिजे तेवढ्या राखेत असतात. मध कुठल्या रानातला, हे ती सांगते. त्या रानात आपण काय मिसळले, तेही सांगते.

आदल्या रविवारी आईच्या स्वयंपाकघरात दादाने विषय काढला होता.

"आई, शेतांपलीकडे तो जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना आलाय. धूर बघतेस ना? तुझ्या माश्या तिथूनच फिरून येतात. पेट्या विकून टाक आणि माझ्याकडे राहायला चल."

"माश्या विकून तुझ्याकडे येऊन करू काय? तुझ्या टीव्हीला पाणी घालू?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"कोण हसतंय?" आईने मधाची बरणी माझ्यापुढे सरकवली. "ही दिवसभर लोकांचा मध तपासते. घरचा कधी तपासलाय? घेऊन जा. वाईट निघाला तर देऊन टाकीन पेट्या. रोजची कटकट नको."

"ठरलं," दादा लगेच म्हणाला.

आई बोलून गेली खरी, पण बरणीवरचा तिचा हात काही सुटेना. शेवटी मीच तो अलगद बाजूला केला.

बाबा गेल्यापासून त्या पेट्यांमुळेच तिची सकाळ होत होती. उठून चहासुद्धा न घेता ती आधी परसात जाई आणि पेट्यांना कान लावून बसे.

राखेत शिसे निघाले. खायच्या मधात असायला नको इतके. मी पुन्हा नवा नमुना जाळला. पुन्हा तेच.

"काय, साखरेचा पाक निघाला की काय?" मामांनी विचारले.

"शिसं आहे, मामा."

मामांनी मुशी उचलायचे थांबवले. "आईंना सांगायचं कसं?"

दादाला फोन लावायला घेतला आणि आकडे पुन्हा एकदा बघितले. शिशाबरोबर कथीलही होते. कारखान्याच्या धुरातून इतके कथील कुठून येईल? शिसे आणि कथील असे जोडीने भेटले की मला एकच गोष्ट आठवते: पत्र्याचे सांधे जोडायचा डाख. बाबा पत्र्याचे काम करत. पन्हळी, डबे, नरसाळी. मी त्यांच्या बाकाच्या टोकाला बसून बघायची. डाखाचा थेंब सांध्यावर पारा पळावा तसा पळे आणि क्षणात थिजे. पदार्थ रूप बदलतो, हे मी पुस्तकाच्या कितीतरी आधी तिथे शिकले.

मध काढायचे आईचे यंत्र त्यांनीच घडवले होते. पत्र्याचे पिंप, आत सायकलच्या चाकावर फिरणारी जाळी, खाली तोटी.

मी फोन ठेवून दिला आणि सुटीच्या दिवशी आईकडे गेले.

"लागला का निकाल?"

"अजून नाही. मला पेटीतलंच पोळं हवंय. यंत्रात न गेलेलं."

"का गं? यंत्राचं काय वाकडं झालं?" असे म्हणत तिने धुरी धरली आणि मला पोळ्याचा तुकडा कापून दिला.

परतताना मी पिंपाचे झाकण उघडले. ते जवळजवळ काठोकाठ भरलेले होते.

"बरण्यांत नाही भरलास?"

"भरलेल्या बरण्या फडताळात चढवायच्या कुणी? आणि ह्यांच्या हातचा सांधा आहे तो, गळायची भीती नाही. लागेल तसा तोटीतून काढते. झाकण लावलं की काही होत नाही."

पोळ्यातल्या मधात शिसे जवळपास नव्हतेच. पोटॅशियम, मँगनीज अगदी पहिल्यासारखे, म्हणजे झाडे तीच, माश्या त्याच. फरक होता तो पिंपाचा. मध लागतो गोड, पण असतो आंबट. महिनोन्‌महिने ठेवला तर डाख हळूहळू खातो.

पिंप गंजले, नवे घेऊ, असे काहीतरी सांगून मला निभावून नेता आले असते. पण त्याच तोटीतला मध ती इतरांनाही देत होती.

"माश्या पास," मी परसात शिरताशिरता म्हणाले. "दादाला कळवलंय. राहू दे पेट्या, म्हणाला."

आईचा चेहरा फुलता फुलता थांबला. "मग तू तोंड का पाडलंयस?"

मी सांगितले. ती पिंपाकडे बघत राहिली.

"म्हणजे ह्यांच्या डाखामुळे?"

"बाबा असताना मध पिंपात किती वेळ असायचा?"

"दिवेलागणीपर्यंत बरण्यांत. पाहुणे येवोत, अंगात ताप असो. म्हणायचे, यंत्रात मधाला मुक्काम नको. मी म्हणायची, काय मेली घाई! पळून जातोय का मध?" ती थांबली. "त्यांना ठाऊक होतं गं. मला वाटायचं, नुसता शिस्तीचा जाच."

मी पिंपाची तोटी घट्ट बंद केली.

"म्हणजे मी ठेवला म्हणून झालं."

"हो, आई."

तिने मान हलवली. मग एकदम उठून चपला पायांत सरकवल्या. "शेजारणीच्या नातवाला दिलाय. खोकल्यासाठी."

"मी येते बरोबर."

"नको. दिला मी, परतही मीच आणते."

ती अर्धी बरणी घेऊन परत आली. "पोराचं रक्त तपासायला सांगितलंय. तुझ्या ओळखीचा डॉक्टर दे त्यांना. माझंही बघ, हवं तर."

"काय म्हणाली ती?"

"आधी तोडून बोलली. बोलणारच. मग म्हणाली, चहा घेऊन जा. माझ्याच्यानं बसवेना."

आम्ही पेट्यांपासून दूर खड्डा खणला आणि पिंप कलते केले. मध संथपणे उतरत राहिला, उन्हात तांबूस, दिसायला निर्दोष. वास लागताच माश्या यायला लागल्या.

"माती लोट, माती लोट!" आई ओरडली, आणि पदराने त्यांना हाकलत म्हणाली, "तुमचाच होता बायांनो, पण आता तोंड लावू नका."

खड्डा बुजवल्यावर तिने पिंप घासून धुतले. भंगारवाल्याला द्यायचे का, हे मी विचारले नाही. तिने ते पेट्यांजवळ नेले, पालथे घातले आणि वर बसली. बसायला बरोबर उंचीचे होते. माश्या घरी परतत होत्या.

थोड्या वेळाने तिचा अंगठा पिंपाच्या सांध्यावरून खालपर्यंत फिरत गेला आणि परत वर आला.

"एक थेंब गळला नाही हो कधी," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे.