गुडघ्यावरचं लाल औषध

प्रीतीच्या घरात जखमेवर मारायचा स्प्रे पाण्यासारखा बिनरंगी असायचा. त्यामुळे तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा, अतिशय, बालवाडीतून व्हॅनने घरी आला आणि गुडघ्यापासून मोज्यापर्यंत त्याचा लालभडक पाय दिसला, तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पोरगं हात लावू देईल तर शपथ! शाळेत कोण होतं जवळ, असं विचारल्यावर "मनूमावशी" एवढंच म्हणाला आणि पुन्हा भोकाड पसरलं.

आता आधी पाय पुसायचा की नाही? पण नाही. बाईसाहेबांनी आधी फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "लेकराचं रक्त वाहतंय, आणि मनूमावशी झोपा काढतात काय?" आगीत तेल ओतायला माणसं काय कमी असतात? तासाभरात शाळेने मदतनीस मनूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंसुद्धा.

संध्याकाळी सासूबाईंनी, गुणमालाबाईंनी, नातवाला मांडीवर घेऊन कोमट पाण्याने पाय पुसला. ओघळ फिके झाले. खाली मोहरीएवढं खरचटलेलं.

"अगं, रगत कुठलं? लाल औषध हाय हे. आमच्या पोरांना आमी हेच लावत होतो."

प्रीतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ग्रुप उघडला, पण चूक कबूल करायला बोट उचलेना. एवढ्या लोकांत आता काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात दारात मनूबाईच येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, बाळाचं लय दुखतंय का?" त्या अतिशयसमोर उकिडव्या बसल्या आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "घसरगुंडीवरनं पडलं. औषध लावताना पाय झाडत हुतं, म्हणून खालपतुर सांडलं. फाटकापाशी कुणीतरी फोटू काढला असंल, आन् माझं काम गेलं बघा. तुमी बाळाच्या आई. तुमी मोठ्या बाईंना सांगितलं तर ऐकतील त्या."

गुणमालाबाई सुनेकडे बघत राहिल्या. लाजेने प्रीतीची मान वर होईना.

"मावशी, फोटो मीच टाकला. चुकलं माझं. आत्ता फोन करते बाईंना."

मनूबाईंनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. उठल्या, पदर सारखा केला.

"व्हय का," एवढंच म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

अतिशयने धावत जाऊन त्यांचा पदर धरला. "मावशी, उद्या येणार ना शाळेत?"

"तुज्या आईला इचार, बाळा."