रद्द प्लेट क्रमांक ४७

"नंदू, बंद कर ते. माझी चूक आहे ती."

आजोबांच्या मांडीवर मटारांचं ताट आणि माझ्या लॅपटॉपवर एक राखाडी पट्टा. १९८६ साली आलेल्या हॅलेच्या धूमकेतूचा वर्णपट! म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून काचेच्या प्लेटवर टिपलेला. आजोबांच्या वेधशाळेनं जुन्या प्लेटा स्कॅन केल्या, तेव्हा शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी मुद्दाम हीच मागवली. पाकिटावर नाव होतं: मुरलीधर सबनीस, सहायक. खाली लाल शाईत: रद्द. दिवा नाही.

आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आजोबा चहाची बशीसुद्धा कडेनं, बोटांच्या टोकांनी धरतात. काचेवर ठसे उमटू नयेत म्हणून लागलेली सवय. अशा माणसाची प्लेट रद्द?

"दिवा म्हणजे काय हो?"

"लोखंडाच्या ठिणगीचा दिवा. धूमकेतू टिपला की शेजारी त्या दिव्याच्या रेघा उमटवायच्या. ती आमची फूटपट्टी. ती नसली तर कुठली रेघ कशाची, कळणार कसं?"

"आणि तुम्ही विसरलात? तुम्ही तर गॅस तीनदा चेक करता!"

आजोबांनी सोललेली शेंग उगाच पुन्हा उघडून पाहिली.

"दीड तास दुर्बिणीला डोळा लावून, हातानं चाक फिरवत त्याला बारीक फटीवर धरून ठेवला होता. सारखा सरकतो गं तो. मग मिनिटभर बाहेर आलो. पहाट होती. तो समोर, शेपूट ही एवढी... बघतच राहिलो. आत आलो तोवर साहेबांनी प्लेट धुवायला नेलेली, दिवा राहिलाच." मग हळूच म्हणाले, "मला स्टोअरमध्ये टाकलं. पुन्हा दुर्बिणीला हात नाही लागला."

मला आता अजिबात राहवेना.

"आजोबा, यार! धूमकेतूवर ऊन पडतंच ना? त्याच्या धुळीवरून परतलेल्या उन्हात सूर्याच्या रेघा असतात. त्यांच्या जागा ठरलेल्या. मी कॉम्प्युटरला त्याच दिल्या, फूटपट्टी म्हणून."

"जुळल्या?"

"बिल्कुल!" मी आलेख उघडला. "हा सायनोजेन वायू. हा कार्बन. आणि पट्टा बघा किती बारीक आलाय. दीड तासात तुम्ही त्याला तसूभर हलू दिलं नाहीये!"

सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. कुठल्याशा दूरच्या बर्फाच्या गोळ्यातून सुटलेला वायू, चाळीस वर्षं काचेत गप्प बसून, आज मटारांच्या ताटाशेजारी आपलं नाव सांगत होता.

"म्हणजे," आजोबा थांबत थांबत म्हणाले, "फूटपट्टी त्याच्याजवळच होती?"

"पहिल्यापासून."

ते उठले. हात साबणानं धुतले, पंच्याने कोरडे केले. मग लॅपटॉप दोन्ही कडांना फक्त बोटांच्या टोकांनी धरून उचलला आणि खिडकीच्या उजेडाकडे नेला.

मी चार्जरची वायर हळूच काढून घेतली.